मुंबई ते दुबई: विमानाचं अंतर किती, वेळ किती लागतो आणि गावातून कधी निघायचं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या अनेक गावांचं आखाताशी जुनं नातं आहे. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा भाऊ मस्कतला, कुणाचा जावई कुवेतला. दर महिन्याला कुणीतरी पहिल्यांदाच जात असतं, कुणी सुट्टी संपवून परत निघालेलं असतं. अशा वेळी घरात हमखास तेच प्रश्न येतात. विमानाला किती वेळ लागतो? दहाला सुटून पावणेबाराला पोचतं, मग पावणेदोन तासच का? रात्री साडेबाराचं तिकीट आहे, तर घरातून कोणत्या दिवशी निघायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर विमान जातं. तिकिटाचे पैसे तर जातातच, शिवाय कामावर हजर व्हायची तारीखही हुकते. म्हणून मुंबई ते दुबई या प्रवासाचं अंतर, वेळ आणि हिशोब इथे एकत्र दिला आहे.

थोडक्यात माहिती

- मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर: सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे सुमारे १,०४० सागरी मैल
- मुंबईहून दुबईला जाताना वेळ: साधारण सव्वातीन तास
- दुबईहून मुंबईला येताना वेळ: साधारण तीन तास, कधी त्याहून थोडा कमी
- दोन्ही ठिकाणच्या घड्याळातला फरक: दीड तास, दुबईचं घड्याळ मागे
- मुंबई विमानतळाचा कोड: बीओएम
- दुबई विमानतळाचा कोड: डीएक्सबी
- विमानतळावर पोचायची वेळ: विमान सुटण्याच्या किमान तीन तास आधी

१,९३० किलोमीटर म्हणजे नेमकं काय?

हे अंतर एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत, पृथ्वीच्या गोलाईवरून धरलेल्या सर्वांत जवळच्या वाटेचं आहे. मधे रस्ता, घाट, वळण काही नाही. तुलना करायची तर मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आणि मुंबई ते कोलकाता सुमारे १,६६० किलोमीटर. म्हणजे मुंबईपासून कोलकाता जेवढं लांब, त्यापेक्षा दुबई थोडंसंच पुढे आहे. फक्त कोलकात्याची वाट जमिनीवरून जाते आणि दुबईची बहुतेक वाट अरबी समुद्रावरून.

प्रत्यक्षात विमान या रेषेपेक्षा थोडं जास्त अंतर कापतं. आकाशातही ठरलेल्या वाटा असतात. मुंबईहून उडाल्यावर विमान पश्चिमेकडे, थोडं उत्तरेला धरून समुद्रावरून जातं, ओमानच्या किनाऱ्यापाशी जमीन लागते आणि तिथून संयुक्त अरब अमिरातीत शिरतं. उतरण्याआधी धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी वळसाही घ्यावा लागतो. दुबईत विमानांची गर्दी असेल तर काही मिनिटं आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात.

विमानाच्या धंद्यात अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानातल्या पडद्यावर कधी किलोमीटर, कधी मैल दिसतात. आकडा वेगळा दिसला तरी वाट तीच असते.

सव्वातीन तास कुठे जातात?

या मार्गावरची जेट विमानं उंचीवर गेल्यावर ताशी साधारण ८३० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. उंची ३५ हजार फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेदहा किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर धरले तर १,९३० किलोमीटरला सव्वादोन तास पुरतात. मग तिकिटावर सव्वातीन तास का लिहिलेले असतात?

कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुबईत जागेवर थांबलं की संपतो. मुंबईत धावपट्टीपर्यंत जायला, रांगेत उभं राहायला वेळ जातो. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. दुबईत उतरल्यावरही विमान बराच वेळ जमिनीवर चालत राहतं, कारण तो विमानतळ मोठा आहे. शिवाय थोडा उशीर झालाच तर सांभाळून घेता यावा म्हणून कंपन्या वेळापत्रकात जास्तीची मिनिटं धरतात. त्यामुळेच कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

जाताना जास्त वेळ, येताना कमी. असं का?

अंतर तेच, विमान तसंच, तरी येताना वेळ कमी लागतो. याचं मुख्य कारण वारा.

उत्तर भारत आणि अरबस्तानच्या वर, खूप उंचावर, हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. मुंबईहून दुबईला जाणारं विमान या वाऱ्याच्या विरुद्ध जातं. दुबईहून येणाऱ्या विमानाला तोच वारा मागून ढकलतो. होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. भरतीच्या उलट जाताना वेळ लागतो आणि पाण्याबरोबर येताना होडी आपोआप पुढे जाते.

आकड्यात पाहू. विमानाचा वेग ताशी ८५० आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो ७५०. येताना तो होतो ९५०. जाताना १,९३० किलोमीटरला सुमारे २ तास ३४ मिनिटं लागतात आणि येताना सुमारे २ तास २ मिनिटं. फरक अर्ध्या तासाचा. वारा रोज एवढाच नसतो. पावसाळ्याच्या महिन्यांत हा पश्चिमेचा जोरदार पट्टा उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे जाण्या-येण्यातला फरक कमी होतो.

तिकिटावरच्या वेळेचा दीड तासाचा हिशोब

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ ज्या गावाहून विमान सुटतं तिथल्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ जिथे उतरतं तिथल्या घड्याळाची. हा नियम जगभर सारखा आहे.

भारताचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि दुबईचं चार तास पुढे. म्हणून दुबई भारतापेक्षा दीड तास मागे. गावात रात्रीचे साडेनऊ वाजले की दुबईत आठ वाजलेले असतात. युरोप-अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत भारतात नाही आणि अमिरातीतही नाही. त्यामुळे हा फरक बारा महिने दीड तासच राहतो.

जातानाचं उदाहरण: विमान मुंबईहून सकाळी १०:०० वाजता सुटलं. प्रवास ३ तास १५ मिनिटांचा. गावातल्या घड्याळात तेव्हा दुपारचे १:१५ झाले. त्यातून दीड तास वजा केला की दुबईत सकाळचे ११:४५. तिकिटावर हेच ११:४५ छापलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं पावणेदोन तासात पोचतं. खरं तर सव्वातीन तास लागलेले असतात.

येतानाचं उदाहरण: विमान दुबईहून रात्री १०:०० वाजता सुटलं. प्रवास २ तास ५५ मिनिटांचा. दुबईच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्रीनंतरचे १२:५५. त्यात दीड तास मिळवला की मुंबईत पहाटेचे २:२५, आणि तारीख पुढची. बघणाऱ्याला वाटतं साडेचार तास लागतात.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं: जाताना तिकिटावरच्या दोन वेळांमधल्या फरकात दीड तास मिळवायचा, येताना दीड तास वजा करायचा. जे उत्तर येईल तो विमानातला खरा वेळ.

घरच्यांनाही हे कामाला येतं. दुबईत उतरल्यावर मुलगा 'पावणेबाराला पोचलो' म्हणाला, तर ती वेळ तिथली आहे. गावात तेव्हा सव्वा वाजलेला असतो. फोन आला नाही म्हणून दीड तास आधीच काळजी करत बसायला नको.

रात्री बारानंतरचं विमान: तारीख नीट वाचा

आखाताची बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. तिकिटावर २४ तासांचं घड्याळ असतं. ००:४० म्हणजे रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटं. ०१:३० म्हणजे रात्रीचा दीड. १३:३० असेल तरच दुपारचा दीड.

समजा तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:४० आहे. गावाकडच्या बोलण्यात ही ११ तारखेची रात्र. जेवून झोपायची वेळ. कागदावर मात्र रात्री बारा वाजताच १२ तारीख सुरू झालेली असते. जो माणूस '१२ तारखेचं विमान आहे' म्हणून १२ तारखेला सकाळी घरातून निघतो, त्याचं विमान तो निघण्याआधीच दुबईत उतरलेलं असतं.

म्हणून तिकीट हातात आलं की पहिलं काम हे करावं: तारखेशेजारी पेनाने वार लिहावा आणि घरातल्या सगळ्यांना 'अमुक वारच्या रात्री' असं सांगावं. सुटण्याची वेळ ००:०० ते ०५:०० यांच्या मधली असेल, तर घर आदल्या दिवशीच सोडायचं हे पक्कं समजावं. गाडीवाल्याला सांगतानाही नुसती विमानाची तारीख सांगू नये. घरातून निघायची तारीख आणि वेळ सांगावी.

खरा वेळ गावापासून मुंबईपर्यंत जातो

समुद्रावरचं १,९३० किलोमीटर अंतर सव्वातीन तासांत पार होतं. चिपळूण ते मुंबई हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर मात्र गाडीने सहा-सात तास घेतं. रत्नागिरीहून सुमारे ३३० ते ३४० किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तास धरावे लागतात. राजापूरहून त्याहून जास्त. दापोली, मंडणगड, गुहागरच्या आतल्या गावांतून आधी महामार्गाला लागायलाच तास-दीड तास जातो.

कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय आल्यापासून पोलादपूर-खेड टप्पा सुटसुटीत झाला आहे. तरी महामार्गावरचा वेळ सांगता येत नाही. पावसाळ्यात दरड, खड्डे, पुराचं पाणी यामुळे खोळंबा होतो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. शिमग्यानंतर आणि मे महिन्याच्या शेवटीही तेच. पनवेलच्या पुढे संध्याकाळची गर्दी लागली तर शेवटच्या चाळीस किलोमीटरला दोन तास जाऊ शकतात.

रेल्वेने जायचं असेल तर खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी या स्थानकांवरून पनवेल, ठाणे, दादर किंवा सीएसएमटीपर्यंत गाड्या आहेत. रेल्वे घाटातल्या गर्दीत अडकत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी असतो आणि वेळापत्रक वेगळं लागतं. आणि एकेरी मार्गावर गाडी रखडली तर तास-दोन तास सहज जातात. ज्या दिवशी विमान त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबायचं असेल, तर मधे पाच-सहा तासांची सवड हवी.

दादर किंवा सीएसएमटीला उतरल्यावर मेट्रो-३ ने थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत जाता येतं. सामान कमी असेल तर हा स्वस्त आणि वेळेचा भरवसा असलेला मार्ग आहे. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही. मध्यरात्री पोचणाऱ्यांना टॅक्सी किंवा रिक्षाच धरावी लागते.

उलटं मोजा, मग निघायची वेळ कळेल

घरातून निघायची वेळ काढताना हिशोब विमानापासून मागे करत यावा. उदाहरण म्हणून चिपळूणजवळच्या गावातला प्रवासी घेऊ. विमान रविवारी पहाटे ०४:३० वाजता.

- विमान सुटणार: रविवार पहाटे ४:३०
- विमानतळावर हजर, तीन तास आधी: शनिवारी रात्री उशिरा, म्हणजे घड्याळाने रविवार ०१:३०
- गाडीचा प्रवास सात तास: शनिवारी संध्याकाळी ६:३० ला निघायला हवं
- वाटेतलं जेवण, पंक्चर, कोंडी यासाठी दोन तास जास्त: शनिवारी दुपारी ४:३०

म्हणजे रविवारच्या विमानासाठी शनिवारी दुपारी साडेचारला गाडी अंगणातून हलली पाहिजे. रत्नागिरीहून निघणाऱ्याने यात आणखी दोन तास, राजापूरहून निघणाऱ्याने तीन तास वाढवावेत. सणासुदीचे किंवा मुसळधार पावसाचे दिवस असतील तर आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम केलेला बरा. एका रात्रीचा मुक्काम नव्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो.

कोणता विमानतळ? कोड बघूनच निघा

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी-सहार भागात आहे. परदेशी विमानं तिथल्या टर्मिनल दोनवरून, म्हणजे टी-२ वरून सुटतात. टी-१ सांताक्रूझकडे, वेगळ्या बाजूला आहे. चुकून तिथे उतरलं तर पुन्हा टॅक्सी करून यावं लागतं.

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. कोकणातून येणाऱ्यांना तो पनवेलजवळच लागतो. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचणं आता जास्तच गरजेचं झालं आहे. बीओएम असेल तर अंधेरी-सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. दोन्हींच्या मधे मुंबईची वाहतूक आहे. चुकीच्या विमानतळावर पोचलेल्या माणसाला ऐनवेळी दुसरीकडे पळणं जमेलच असं नाही.

राजापूर, लांजा भागातल्यांना गोव्याचा मोपा विमानतळही जवळ पडू शकतो. तिथून दुबई सरळ रेषेत सुमारे २,२०० किलोमीटर. गोव्यातही दोन विमानतळ आहेत. मोपाचा कोड जीओएक्स आणि दाबोळीचा जीओआय. तिकीट काढण्याआधी कोणतं विमान कोणत्या विमानतळावरून आहे ते पाहावं.

उतरायच्या बाजूलाही हेच. दुबईचा मुख्य विमानतळ डीएक्सबी, त्यात तीन टर्मिनल. दुबईचाच दुसरा, अल मकतूम, त्याचा कोड डीडब्ल्यूसी. शारजाचा एसएचजे दुबईला लागूनच आहे. अबू धाबीचा एयूएच दुबईपासून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईपासून हवाई अंतर या सगळ्यांचं जवळपास सारखं, तिकीट मात्र कधी एकाचं स्वस्त असतं, कधी दुसऱ्याचं. घ्यायला येणाऱ्याला नुसतं 'दुबईला येतोय' न सांगता विमानतळ, टर्मिनल आणि विमानाचा नंबर तिन्ही कळवावं.

विमानतळावर तीन तास कशाला?

पहिल्यांदा जाणाऱ्याला तीन तास जास्त वाटतात. पण ते असे जातात: दारावर तिकीट आणि पासपोर्ट तपासणी, मग कंपनीच्या काउंटरवर सामान देणं आणि बोर्डिंग पास घेणं, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, मग गेटपर्यंत चालणं. प्रत्येक ठिकाणी रांग असते.

बहुतेक कंपन्यांचं काउंटर परदेशी विमानासाठी सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होतं, काहींचं त्याहूनही आधी. एकदा बंद झालं की विमान समोर दिसत असलं तरी आत घेत नाहीत. गेटही विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. मुंबईच्या विमानतळावर प्रत्येक विमानाची माइकवरून हाक मारत नाहीत. पडद्यावर विमानाचा नंबर शोधून त्यापुढचं गेट बघायचं आणि तिथे जाऊन बसायचं.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी एक गोष्ट महिनाभर आधीच तपासावी. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टला सहसा ईसीआर श्रेणी असते. असा पासपोर्ट असेल आणि अमिरातीसह ठरावीक देशांत कामाला जायचं असेल, तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून परवानगी लागते. ती नसेल तर इमिग्रेशनवरच थांबवतात. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. 'आधी फिरायच्या व्हिसावर जा, मग काम लागेल' असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. पासपोर्टची मुदतही किमान सहा महिने शिल्लक हवी.

डब्यात काय भरू नये?

आईने प्रेमाने बांधून दिलेल्या पुड्यांमुळे अडचण येऊ शकते. अमिरातीत खसखस नेण्यास पूर्ण बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत येते. त्यामुळे खसखस घातलेला घरचा मसाला, अनारसे, लाडू यांपैकी काहीही सामानात नसावं. सुकं खोबरं विमानात नेण्यावर निर्बंध आहेत, कारण त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. लोणचं, तेल, तूप यांसारखे पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत चालत नाहीत. तिथे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली काढून घेतात. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला परत बोलावतात आणि त्यात वेळ जातो. गुंगीची किंवा जोरदार वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी तर ठेवावीच, शिवाय ते औषध अमिरातीत चालतं का आणि आधी परवानगी लागते का हेही बघावं.

वाट लांबली किंवा बंद झाली तर?

विमानाचा वेळ नेहमी सारखा राहीलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली आणि उत्तर भारतातून आखाताकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेला वळसा घ्यावा लागला. मुंबई-दुबईची वाट मुळातच समुद्रावरून असल्याने तिला फारसा फटका बसला नाही. जून २०२५ मध्ये मात्र आखातातल्या काही देशांनी काही तासांसाठी आकाशच बंद केलं आणि विमानं रखडली. त्याआधी १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत एवढा पाऊस झाला की धावपट्टीवर पाणी आलं आणि पुढचे काही दिवस वेळापत्रक कोलमडलं.

म्हणून घरातून निघण्याआधी एकदा आणि पनवेलला पोचल्यावर एकदा, विमानाची स्थिती मोबाइलवर बघावी. तिकिटावर सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की विमान वेळेवर आहे की नाही ते दिसतं. तिकीट एजंटाने काढलं असेल तर त्यावर प्रवाशाचाच मोबाइल नंबर टाकायला सांगावं. एजंटाचा नंबर असेल तर वेळ बदलल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि प्रवासी अंधारात राहतो.

मुंबईहून आखातातली इतर शहरं

- मस्कत: सुमारे १,५९० किलोमीटर, साधारण पावणेतीन तास, घड्याळ दीड तास मागे
- दोहा: सुमारे २,२९० किलोमीटर, साधारण पावणेचार तास, घड्याळ अडीच तास मागे
- कुवेत: सुमारे २,७६० किलोमीटर, साधारण साडेचार तास, घड्याळ अडीच तास मागे
- रियाध: सुमारे २,७७० किलोमीटर, साधारण साडेचार तास, घड्याळ अडीच तास मागे
- जेद्दा: सुमारे ३,५२० किलोमीटर, साधारण सव्वापाच ते साडेपाच तास, घड्याळ अडीच तास मागे

ही सगळी थेट विमानांची वेळ आहे. मधे थांबणारं विमान असेल तर थांब्याचे तास वेगळे मिळवावेत. स्वस्त तिकिटात थांबा कधी कधी सात-आठ तासांचाही असतो.

आधी किती दिवस लागायचे?

आज सव्वातीन तासांचं वाटणारं हे अंतर आधीच्या पिढीने बोटीने कापलं आहे. मुंबई बंदरातून सुटणारी बोट मधल्या बंदरांवर थांबत दिवसच्या दिवस घेत आखातात पोचायची. या मार्गावरची 'द्वारका' ही जुनी प्रवासी बोट १९८२ मध्ये बंद झाली. एमिरेट्स कंपनी ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या ठिकाणांत कराची आणि दिल्लीबरोबर मुंबईही होती.

निघण्याआधी एवढं तपासा

- तिकिटावरची तारीख, वार आणि २४ तासांच्या घड्याळातली वेळ
- सुटण्याचा आणि उतरण्याचा विमानतळ कोड, टर्मिनल
- पासपोर्ट, व्हिसा आणि लागत असेल तर ई-मायग्रेटची परवानगी, प्रत्येकाची एक झेरॉक्स घरी
- विमानाच्या वेळेपासून उलट मोजून काढलेली घरातून निघायची वेळ
- दुबईत उतरण्याची तिथली वेळ आणि गावातली वेळ, दोन्ही एका कागदावर लिहून घरात ठेवलेली
- घ्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर, मोबाइलमध्ये आणि कागदावरही, कारण उतरल्यावर भारतातलं सिम चालेलच असं नाही